गाठ दिसली तर घाबरू नका, कळ उठली तर थांबू नका

रात्री म्हैस अडली तर आपण बॅटरी घेऊन जनावरांच्या डॉक्टरांना उठवायला धावतो. गरोदर सुनेच्या पोटात कळ उठली तर मात्र 'सकाळी बघू' म्हणतो. मंडळी, ही सवय मोडली पाहिजे.

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत कधीकधी अंडाशयावर गाठ दिसते. 'गाठ' म्हटले की घरात रडारड होते. कोणी कॅन्सर म्हणतो, कोणी पोट पाडा म्हणतो. खरे म्हणजे गरोदरपणातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. पाच सेंटिमीटरहून लहान, आत नुसते पाणी असलेली गाठ बहुधा चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप विरते. तिला ऑपरेशन नको; डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पुन्हा सोनोग्राफी करा.

गाठ मोठी असेल, वाढत असेल किंवा आत घट्ट भाग दिसत असेल, तर तज्ज्ञ डॉक्टर ऑपरेशन सुचवू शकतात. ते शक्यतो चौथ्या-पाचव्या महिन्यात होते, कारण तेव्हा गर्भ स्थिरावलेला असतो. गाठ काढली म्हणजे मूल गेलेच, असे नव्हे. पण शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बीड जिल्ह्यातला प्रश्न 2019 साली विधिमंडळापर्यंत गेला, तो विसरू नका. भीतीपोटी घाई नको.

घाई करायची ती एकाच वेळी. दोराला पीळ बसावा तसा गाठीला पीळ बसतो आणि अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटतो. एका बाजूला अचानक असह्य कळ येते, उलट्या होतात. अशा वेळी शेकू नका, पोट चोळू नका. 108 ला फोन लावा आणि ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना गाठा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, तुमचेही काम आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. दवंडी द्या, फलकावर लिहा. तोडीला जाणाऱ्या बाईच्या पिशवीत सोनोग्राफीचे कागद आहेत की नाहीत, हे आशाताईंकडून पाहून घ्या. परमुलखातल्या डॉक्टरांना त्या कागदावरूनच सारे कळणार आहे.

उचल किती मिळाली हे आपण दहादा विचारतो. कागद घेतले का, हे एकदा तरी विचारा.