सांधेदुखीची पुडी सोडा, पण एका दिवसात नको



मांडीवर सूप, मान खाली, पाय दुमडलेले. हजार विड्या वळून पुऱ्या होईपर्यंत बाई अशीच बसते. वखारीत तंबाखू चाळण्यात उमर गेलेल्या बायकांच्या वाकलेल्या कमरा तर निपाणीत गल्लोगल्ली दिसतात. त्यामुळे सांधे दुखायचेच, असं आपण धरून चाललोय. दुखणं वाढलं की बाजारातून पुडी आणायची आणि दोन दिवसांत पुन्हा कामाला बसायचं.

तक्रार या पुडीबद्दल आहे. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या, वर नाव-पत्ता नसलेल्या अशा औषधांत स्टेरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी आढळलंय. इतक्या झटपट गुण येतो तो त्यामुळे. पुढे चेहरा गरगरीत होतो (शेजारीण म्हणते, तब्येत सुधारली!), साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. मात्र बरेच दिवस पुडी घेत असाल तर ती एकदम तोडू नका. शरीराची स्वतःचं स्टेरॉइड बनवायची सवय मोडलेली असते. भोवळ, उलट्या होऊन जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि लाजू नका.

सगळी सांधेदुखी एक नसते. वयोमानानं गुडघा झिजला की जिना चढताना कळ येते, बसलं की बरं वाटतं, सकाळची आखड अर्ध्या तासाच्या आत सुटते. त्यावर मांडीचे स्नायू घट्ट करणं हा मोठा इलाज आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ उचला, दहा आकडे मोजा, खाली ठेवा. वजन किलोभर उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो.

आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) गोष्ट वेगळी. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, विडीचं पान कापायची कात्री धरवत नाही. हा तिशी-चाळिशीतल्या बाईलाही होतो. 'काम जास्त झालं असेल' म्हणत वर्ष काढू नका. सुरुवातीच्या महिन्यांतच उपचार मिळाले तर बोटं वाकडी होणं बहुतेकदा टळतं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. पाकिटावर वार लिहून घ्या. दिवस राहिलेले असतील किंवा राहायची शक्यता असेल तर हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. विडी ओढणाऱ्यांना आमवात जास्त होतो, हेही आपल्याच भागात सांगावं लागतंय.

सांधे धरणारा आणखी एक आजार म्हणजे चिकुनगुन्या; 2006 साली कर्नाटकभर त्याची मोठी साथ आली होती. त्या तापानंतरची सांधेदुखी महिनोन्महिने, कधी वर्षंही रेंगाळते. तसा ताप येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरची माणसं. एकदा बेळगावला जिल्हा रुग्णालयात किंवा केएलई रुग्णालयात दाखवतो, पुढच्या खेपेला कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात, मधे गावातल्या दुकानातून गोळ्या. वेगवेगळ्या नावाच्या तीन गोळ्यांत कित्येकदा एकच वेदनाशामक असतं. मग पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. कुठंही जा, पण सगळ्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत घालून न्या. वाचता न येणाऱ्या आजीबरोबर घरातल्या शिकलेल्या पोरानं जावं.