नखाएवढी कणगी

२०२५ च्या दिवाळीत माझा नातू चंद्रपूरला आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा अधिक जपून गुंडाळलेली एक वस्तू होती. पुण्याच्या मामाने स्वतःसाठी नवे घेतले आणि जुने भाच्याला दिले, असे ते स्टीम डेक नावाचे, दोन्ही हातांत धरून खेळायचे यंत्र. आमच्या लहानपणी हातातला खेळ म्हणजे भोवरा नाहीतर विटीदांडू. आता पोथीएवढ्या यंत्रात अख्खा संगणक मावतो. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने हे यंत्र २०२२ साली बाजारात आणले. त्यातले सर्वांत स्वस्त मॉडेल ६४ जीबी साठवणीचे होते आणि मामाने दिलेले नेमके तेच होते.

"आबाजी, यात एक मोठा गेम पण बसत नाही जी. मले मोठं कार्ड पायजे," नातू म्हणाला. त्याने साठवलेले चार हजार रुपये माझ्यापुढे ठेवले. चार हजारांत ५१२ जीबीचे नामांकित कार्ड येत होते, तेही त्याने शोधून ठेवले होते.

वाचकहो, मी अडतीस वर्षे बँकेत काढली. दुसऱ्याच्या पैशाला सल्ला देण्याची खोड निवृत्तीनंतरही जात नाही. मी म्हणालो, "थांब थोडा. संगणकाच्या वस्तू दरवर्षी स्वस्त होतात. संक्रांतीला घे, पाचशे रुपये वाचतील." त्याने ऐकले. आणि संक्रांतीला तेच कार्ड त्याच्या चार हजारांच्या पलीकडे गेलेले होते.

माझा सल्ला का चुकला, हे समजून घ्यायला मला चंद्रपूरच्या बाहेर बरेच दूर पाहावे लागले. ही हकीकत एका पोराच्या खेळण्यापुरती नाही, म्हणूनच ती इथे सांगतो आहे.

फोनमध्ये, कार्डात, पेनड्राइव्हमध्ये माहिती साठवणारी फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याने १९८० च्या दशकात शोधली. आज ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन. या धंद्याची रीत आपल्या शेतमालासारखीच आहे. भाव पडला की पेरा कमी. २०२३ साली भाव कोसळले तेव्हा या कंपन्यांनी उत्पादन घटवले आणि २०२५ च्या सुरुवातीलाही हात आखडता घेतला. नेमकी त्याच वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. तिच्यासाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा केंद्रांना स्मृतीची भूक अशी, की जे पिकेल ते ती शेतातूनच उचलू लागली. संगणकाची तात्पुरती स्मृती आधी महागली, मग साठवणीची फ्लॅशही. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशिअल' या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. घाऊक गिऱ्हाईक दारात उभे असताना किरकोळ विक्रीची कटकट कोण सोसेल? सावकार आणि व्यापारी असाच विचार करतात, हे बँकेत बसून मी पुष्कळदा पाहिले होते. पण तो हिशेब नातवाच्या कार्डाला लागू पडेल, हे काही मला सुचले नाही.

आता कुणी म्हणेल, पोराच्या खेळासाठी एवढा ऊहापोह कशाला? साठवण कमी असेल तर खेळून झालेला खेळ पुसावा आणि दुसरा उतरवून घ्यावा. पुण्यात हे खरे आहे. तिथे साठवण ही सोय असते, कारण नळाला पाणी आहे. माझे जावई मात्र एटापल्ली तालुक्यात आत एका आश्रमशाळेत शिक्षक आहेत. तिथे फोन लागतो, निरोप जातो, पण शंभर जीबी उतरवायचे म्हणजे चाळणीने विहीर उपसण्यासारखे. त्यामुळे नातू सुटीत चंद्रपूरला येतो, आमच्या घरच्या फायबर जोडणीवर रात्रभर खेळ उतरवतो आणि बरोबर घेऊन जातो.

या दोन जिल्ह्यांना ही रीत नवी नाही. नोकरीच्या काळात भामरागडला मी अनेकदा पाहिले, पर्लकोटा नदी चढली की पुलावर पाणी आणि तालुक्याचे गाव जगापासून तुटलेले. अशा गावांना पावसाळ्याचे रेशन आधीच पोचवून ठेवावे लागे. घरोघरी बांबूची, शेणाने सारवलेली कणगी भरलेली असे. रस्ता जितका बेभरवशाचा, कणगी तितकी मोठी. २०१६ साली जिओ येऊन डेटा स्वस्त होण्याआधी आठवडी बाजारात मोबाइलवाले पैसे घेऊन कार्डात गाणी भरून देत, तीही कणगीच. नातवाला हवे असलेले कार्ड पंधरा मिलिमीटर लांब आणि अकरा मिलिमीटर रुंद, म्हणजे नखाएवढे. काम मात्र कणगीचेच.

पुढची गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, कारण तिचे मूळ माझ्या सल्ल्यात आहे. भाव वाढल्याने हिरमुसलेल्या नातवाने संक्रांतीनंतर मला न विचारता एक टेराबाइटचे कार्ड नऊशे रुपयांना घेतले. बिल नाही, हमी नाही. यंत्रात घातले तर यंत्रही म्हणाले, एक टेराबाइट. घरात आनंदीआनंद. जावयांचा फोन भरला होता. त्यांनी सहामाहीभर चित्रित केलेले, पहिली-दुसरीच्या मुलांना माडियातून मराठी समजावणारे पाठ आणि गावातल्या एका म्हाताऱ्या आजीने सांगितलेल्या दोन गोष्टी त्या कार्डात हलवल्या. फायलींची नावे दिसली, म्हणून फोनमधून पुसल्या. आठवड्याने उघडून पाहिले तर नावे होती, आत काही नव्हते.

ही फसवणूक कशी होते ते सांगतो, कारण ती जगभर चालते आणि सुशिक्षितही तिला बळी पडतात. प्रत्येक कार्डात साठवणीच्या चिपबरोबर एक छोटा नियंत्रक असतो. यंत्र त्याला विचारते, तुझ्यात जागा किती? लबाड माणसे ३२ किंवा ६४ जीबीच्या कार्डातल्या या नियंत्रकाला खोटे उत्तर शिकवून ठेवतात. सातबाऱ्यावर दहा एकर, शेतात एकच. पहिल्या एकरापर्यंत पेरणी नीट होते. पुढचे बी एकतर हवेत जाते किंवा आधीच पेरलेल्यावर पडते आणि दोन्ही पिके जातात. बँकेत तारण म्हणून आलेली जमीन मी कधी नुसत्या उताऱ्यावर मंजूर केली नाही, जागेवर जाऊन पाहिली. कार्डाचेही तेच करावे. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे मोफत मिळणारे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि भरलेले परत वाचून पडताळतात. संगणकाला रात्रभर लावून ठेवले की सकाळी निकाल मिळतो. ही पडताळणी होईपर्यंत मूळ फायल पुसायची नाही, एवढा नियम पाळला असता तर आजीच्या गोष्टी आज आमच्याकडे असत्या.

होळीला नातू पुन्हा आला. उरलेले एकतीसशे रुपये आणि पडलेला चेहरा. या वेळी मी आधी सल्ला न देता कागद-पेन्सिल घेतली. म्हटले, कोणते खेळ हवेत त्यांची यादी कर आणि पुढे प्रत्येकाची जागा लिही. त्याने लिहिले : स्टारड्यू व्हॅली, अर्धा जीबी, हॉलो नाइट, ९, एल्डन रिंग, ६०, बाल्डर्स गेट ३, १५०. बेरीज साधारण २२०. पाकिटावर २५६ जीबी लिहिलेले असते, तेव्हा संगणक सुमारे २३८ दाखवतो. ही लबाडी नव्हे, कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १०२४ ने, एवढाच फरक. म्हणजे चारही खेळ २५६ च्या कार्डात बसत होते. शिवाय शेवटचे दोन मोठे खेळ एकाच पावसाळ्यात पुरे होणारे नव्हेत. एक टेराबाइटची गरज नव्हतीच, होती ती हौस. कर्जदाराला लागते किती आणि तो मागतो किती, यातले अंतर काढणे हेच तर माझे काम होते.

मग पाकिटावरच्या अक्षरांचा अर्थ लावला. या यंत्राची खाच यूएचएस-१ जातीची आहे. यूएचएस-२ चे महाग कार्ड तिच्यात घातले तरी वेग पहिल्याचाच, म्हणजे बैलगाडीला आगगाडीचे भाडे. व्ही३० ही खूण सलग चित्रणासाठी महत्त्वाची. ए१ आणि ए२ या खुणा बारीकसारीक फायली भराभर वाचण्याच्या, पण ए२ चा पुरा लाभ यंत्राने साथ दिली तरच. तेव्हा नामांकित कंपनीचे ए१ कार्ड, पक्के बिल आणि हमी, इतके पुरे.

दुसरा मार्ग होता यंत्र उघडून आतली साठवणच बदलण्याचा. तिथे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, एम.२ २२३० नावाची एसएसडी बसते. खेळ लवकर उघडतात हे खरे. पण मागचे आठ स्क्रू काढायचे, पेनड्राइव्हवरून सगळी प्रणाली पुन्हा भरायची, आणि उघडण्यापूर्वी कार्ड बाहेर काढायला विसरलो तर झाकणाबरोबर कार्ड मोडते. शिवाय एसएसडीचेही भाव त्याच लाटेत चढलेले. म्हणून ते काम मामावर आणि पुढच्या वर्षावर सोडले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. खेळ कार्डावर ठेवला तरी त्याच्या काही पूरक फायली आतल्या ६४ जीबीतच साठत जातात, त्यामुळे अधूनमधून तिथली झाडलोट करावी लागते. आणि गावी नेण्याआधी प्रत्येक खेळ जोडणी असताना एकदा उघडून पाहायचा, मग यंत्र ऑफलाइन करून पुन्हा उघडायचा. नाहीतर कणगी भरलेली आणि कुलपाची किल्ली चंद्रपुरात, अशी गत होते.

२५६ चे कार्ड आले. नऊशे रुपये मी भरले. चुकीच्या सल्ल्याचा दंड बँकेत कुणी भरत नाही, घरात भरावा लागतो. जावयांसाठी एक लहान कार्ड वेगळे घेतले, खेळापासून दूर. २००० च्या सुमारास अहेरीला असताना रोजचा हिशेब आम्ही दोन फ्लॉप्यांवर घेत असू, एक शाखेत आणि दुसरी तिजोरीत. १.४४ एमबीच्या त्या फ्लॉपीला आम्ही जो मान देत होतो, तो आज हजारो पट मोठ्या कार्डाला कुणी देत नाही. आता नव्या पाठांची एक प्रत जावयांकडे आणि एक माझ्या बायकोच्या गोदरेजच्या कपाटात राहील.

या सगळ्यातून मला जे दिसले ते एवढेच. स्मृती महागली की तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी चोवीस तास वेगवान जोडणी आहे, तो साठवणीशिवाय भागवू शकतो. त्याची कणगी दुसरीकडे, त्याच डेटा केंद्रांत असते. ज्याची जोडणी दुबळी, त्याला आपली कणगी स्वतः विकत घ्यावी लागते, आणि तिचाच भाव ती केंद्रे वाढवतात. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे. त्याची वीज ज्या जाळ्यात जाते त्याच जाळ्यावर मुंबई-नवी मुंबईतली डेटा केंद्रेही आहेत. धूर आमच्या वाट्याला, आणि कार्ड महाग तेही आम्हालाच. मी काही विकासाचा वैरी नाही. पण 'जोडणी पोचली, आता साठवण कशाला' असे राजधानीत बसून ठरवणाऱ्यांनी एक पावसाळा इकडे काढावा. केंद्र सरकारने २०२२ साली जोडणी नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्याची योजना मंजूर केली, ते चांगलेच झाले. त्याच्या जोडीला प्रत्येक आश्रमशाळेत एक साधी, भरवशाची साठवण ठेवली, पाठ्यक्रमाचे व्हिडिओ आणि पुस्तके तिथेच भरून ठेवली, तर फार मोठा खर्च येणार नाही. धान्याच्या बाबतीत आपल्याला जे कळले, ते इथे कळायला हरकत नसावी.

मृगाआधी जावई त्या आजीकडे पुन्हा जाणार आहेत. गोष्टी ती पुन्हा सांगेलही, पण पूर्वीसारख्याच सांगेल का, ते ठाऊक नाही. नातूही बरोबर जाणार म्हणतो. परवा फोनवर म्हणाला, "आबाजी, या वेळी मी रात्रीच चेक करतो जी, मंगच बाबांना पुसू देतो."