दूरच्या यंत्राचे घड्याळ आणि नागरिकाची मुदत

गेल्या वर्षी माझ्या भाचीने एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज मुदतीच्या अखेरच्या दिवशी सायंकाळी भरला. शुल्क वजा झाल्याचा बँकेचा संदेश ७ वाजून ४ मिनिटांनी आला. परंतु परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या पावतीवर जी वेळ उमटली ती रात्री १२ वाजून ३४ मिनिटांची होती, आणि दिनांक अर्थातच दुसऱ्या दिवसाचा. अर्ज मुदतबाह्य ठरला. दोन्ही कागद जोडून आम्ही लेखी तक्रार रुजू केली, तेव्हा संगणकातील नोंद अंतिम समजली जाईल, एवढे एका ओळीचे उत्तर हाती पडले.

दोन वेळांमधील अंतर बरोबर साडेपाच तासांचे आहे, आणि या विद्येत मुरलेल्या एका स्नेह्याने तेवढ्यावरूनच दोषाचे निदान केले. ज्या सर्व्हरवर असे अर्ज जमा होतात तो बहुधा भाड्याने घेतलेला, शेकडो मैल दूर, कित्येकदा परदेशात असतो. तो चालू होतो तेव्हा त्याचा टाइम झोन सामान्यतः जागतिक समन्वित वेळेवर, म्हणजे यूटीसीवर ठेवलेला असतो, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. यंत्राचे घड्याळ आणि यंत्राचा टाइम झोन या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. घड्याळ क्षण मोजते; झोन तो क्षण कोणत्या प्रदेशाच्या भाषेत वाचून दाखवावा एवढेच सांगतो. यंत्र साडेपाच तास मागे आहे असे पाहून कोणी कर्मचारी झोन न बदलता घड्याळाचेच काटे पुढे सरकवतो, त्यासाठी वेळ जुळवणारी व्यवस्थाही बंद करून टाकतो, आणि पुढे दुसरा कोणी सद्हेतूने झोनच्या जागी ‘एशिया/कोलकाता’ हे योग्य नाव भरतो, तेव्हा साडेपाच तास दुसऱ्यांदा मिळवले जातात आणि सायंकाळचा अर्ज मध्यरात्र ओलांडून जातो.

वेळ सांगताना ती कोणती हेही सांगावे लागते, याचे विस्मरण आपल्याला अलीकडेच झाले आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ त्या शहरात पुढेही कित्येक दशके टिकून राहिली. त्या पिढीच्या मुंबईकराला गाडीची वेळ असो वा सभेची, ती कोणत्या घड्याळाची हे विचारून घेणे भाग पडे. तो त्रास होताच, परंतु त्या त्रासामुळे प्रत्येक वेळेचे कूळ उच्चारले जाई. आज संबंध देशात एकच वेळ आहे, म्हणून पावतीवर ती कोणती हे छापण्याची गरज आपल्याला भासत नाही, आणि ती पावती छापणारे यंत्र मात्र कोणत्या देशाच्या वेळेवर चालते हे आपल्याला ठाऊक नसते.

माझे मत असे की, नागरिकांचे हक्क ज्या यंत्राच्या नोंदीवर अवलंबून आहेत, त्याने अंतर्यामी यूटीसीच पाळावी आणि भारतीय वेळ केवळ नागरिकाला दाखवताना वापरावी. जर्मनी किंवा अमेरिका अशा देशांत उन्हाळा सरल्यावर घड्याळे एक तास मागे घेतात, आणि त्या रात्री एक संपूर्ण तास दोनदा येतो. स्थानिक वेळेवर चालणाऱ्या यंत्राच्या दप्तरात तेव्हा एकाच वेळेच्या दोन नोंदी पडतात आणि आधीची कोणती हे ठरवता येत नाही. यूटीसीला हा दोष नाही.

घड्याळ मात्र आपोआप खरे राहत नाही. त्यातील स्फटिक दिवसाकाठी सेकंद-दोन सेकंद सहज चुकतो. ती चूक निस्तरण्यासाठी डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाने १९८५ मध्ये एनटीपी नावाची जी पद्धती मांडली, तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. यंत्र अधिक विश्वासार्ह घड्याळाला वेळ विचारते, प्रश्न निघाल्याचा आणि उत्तर पोचल्याचा क्षण टिपून ठेवते, प्रवासात गेलेला काळ हिशोबात धरते, आणि फरक थोडा असेल तर काटे एकदम न फिरवता आपली गती किंचित कमी-अधिक करून हळूहळू सत्याशी येऊन मिळते. कारण काटे अकस्मात मागे फिरले, तर नंतर घडलेली गोष्ट आधी घडल्याची नोंद होईल, आणि अशा दप्तरावर कोणते न्यायासन विसंबेल?

आपल्याकडे ही तजवीज नाही असेही नाही. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने देशाची प्रमाणवेळ राखते, आणि सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवणाऱ्यांनी, कंपन्यांनी व शासकीय संस्थांनी आपली यंत्रे तिच्याशी किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवून ठेवावीत, आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्यात. हुकूम आहे, परंतु त्याची तामिली झाली की नाही हे ज्याचा अर्ज फेटाळला गेला त्याला कळण्याचा मार्ग नाही.

तो मार्ग असला पाहिजे. अर्ज मुदतबाह्य ठरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या यंत्राचा झोन कोणता होता, ते त्या दिवशी कोणत्या घड्याळाशी जुळलेले होते आणि त्यात किती फरक आढळला, याचा दाखला अर्जदाराने मागताच दिला पाहिजे, आणि पावतीवरील वेळेपुढे ‘भारतीय प्रमाणवेळ’ हे दोन शब्द छापले पाहिजेत. आमच्या तक्रारीला आलेल्या उत्तरात यांपैकी काहीही नव्हते. म्हणून ७ वाजून ४ मिनिटांचा बँकेचा संदेश आणि १२ वाजून ३४ मिनिटांची पावती हे दोन्ही कागद पुन्हा जोडून, फक्त एवढाच दाखला मागणारा दुसरा अर्ज आम्ही या आठवड्यात त्याच संस्थेकडे पाठवला आहे.