मालिकेचा प्रेक्षक आणि मराठी समीक्षेचे मौन

१

मराठी समीक्षेला वाचकाचा शोध उशिरा लागला, आणि लागला तोही पुस्तकातच. गेल्या शतकाच्या अखेरीस इझर आणि याउस ह्यांची नावे आपल्या चर्चासत्रांतून ऐकू येऊ लागली. 'ग्रहणसिद्धांत', 'अपेक्षांचे क्षितिज', 'संहितेतील रिक्त जागा' ह्या संज्ञा पदव्युत्तर वर्गांतून रुळल्या. परंतु ह्या संज्ञा वापरताना डोळ्यांसमोर असलेला वाचक एकाच जातकुळीचा होता : एकटा, निवांत, हाती पूर्ण छापलेला ग्रंथ घेऊन बसलेला. रोज संध्याकाळी घरातल्या चार माणसांत बसून अपुऱ्या कथानकाचा पुढचा तुकडा पाहणारा, त्यावर तिथल्या तिथे मत देणारा आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याच कथानकाकडे वळणारा जो ग्राहक, तो ह्या सिद्धांतनात कोठेच आला नाही. मालिकेच्या भागाविषयी हा प्रेक्षक जे बोलतो ती अपूर्ण संहितेची समीक्षा असते, आणि संहिता अपूर्ण असेतोवर तिची दुसरी समीक्षा संभवतच नाही. ती ऐकण्याचे नाकारून मराठी समीक्षेने आजच्या मराठी कथनाच्या एका अत्यंत मोठ्या व्यवहारावरचा आपला अधिकार एका मोजणीयंत्राच्या स्वाधीन केला आहे.

२

ह्या मौनाचे समर्थन तीन प्रकारे केले जाते. पहिले समर्थन रूपवादी आहे. संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे मर्ढेकरांनी मांडलेली कलाकृतीची संकल्पना पूर्ण झालेला घाट गृहीत धरते. 'चार दिवस सासूचे' ही २००१ साली सुरू झालेली मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. तिचा घाट कोणत्या क्षणी पूर्ण झाला असे मानावे? शंका रास्त आहे, तीतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. वस्तू सिद्धांतात मावत नसेल तर अपुरा ठरतो तो सिद्धांत; वस्तू नाहीशी होत नाही. शिवाय ज्या कादंबरीपासून आपण मराठी वास्तववादाची गणना करतो, ती हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि ज्या साप्ताहिकात झाली त्याचे नावच 'करमणूक' होते. मालिकेला 'निव्वळ करमणूक' म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्यांनी हा योगायोग क्षणभर आठवावा. ज्या इझरचा आपण दाखला देतो, त्यानेही क्रमशः येणाऱ्या कथेचा विचार केलेला आहे : कथा ऐन उत्कंठेच्या जागी तोडली की रिक्त जागा वाढतात, वाचक त्या अधिक हिरिरीने भरतो, आणि तीच कादंबरी पुस्तकरूपापेक्षा तुकड्यांतून वाचताना अधिक रंगल्याचा अनुभव एकोणिसाव्या शतकातील वाचकांनाही येत असे. सिद्धांत आयात करताना त्याचा नेमका हाच भाग वाटेत गळावा, हे अर्थपूर्ण आहे.

दुसरे समर्थन अभिरुचीचे. मालिकेचा प्रेक्षक पात्रांना खरी माणसे मानतो, त्यांच्या वर्तनावर नैतिक शेरे मारतो, म्हणून त्याचे मत वाङ्मयीन नव्हे, असे म्हटले जाते. मग 'एकच प्याला'तील सिंधूच्या पातिव्रत्यावर आपल्या विद्वानांच्या पिढ्यांनी जी चर्चा केली तिला काय म्हणावयाचे? सिंधूने सुधाकराला सोडावयास हवे होते काय, हा प्रश्न समीक्षेचा असेल, तर 'आई कुठे काय करते' मधील अरुंधतीने घटस्फोटानंतर देशमुखांच्या घरात पुनःपुन्हा का यावे, हा प्रश्न निराळ्या जातीचा ठरत नाही. फरक आहे तो प्रश्न कोण विचारते ह्याचा.

तिसरे समर्थन अधिक आधुनिक आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. सांस्कृतिक अभ्यासाने प्रेक्षकाला प्रतिष्ठा दिली, असे सांगितले जाते. इएन आंग ह्यांनी 'डॅलस' पाहणाऱ्यांची ४२ पत्रे वाचून १९८२ साली आपला ग्रंथ सिद्ध केला. पूर्णिमा मंकेकर ह्यांनी दिल्लीतील स्त्रियांच्या दूरचित्रवाणी-दर्शनावर १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास केला. ह्या कामांचे मोल निःसंशय आहे. परंतु त्यांच्या वाटेने चालणाऱ्या आपल्याकडील शोधनिबंधांतून एक सवय बळावली. प्रेक्षक स्त्री काही म्हणाली की अभ्यासक लगेच विचारतो, ती असे का म्हणाली? तिचा वर्ग, तिची जात, तिचे लिंगभान ह्यांत उत्तर शोधले जाते. ती म्हणते ते खरे आहे काय, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. समीक्षकाच्या मताला आपण युक्तिवाद मानतो आणि प्रेक्षकाच्या मताला लक्षण. जुना रूपवादी तिला दाराबाहेर ठेवत होता. नवा अभ्यासक तिला आत घेतो, पण बसवतो ते तपासणीच्या खाटेवर.

३

युक्तिवाद म्हणून ही मते वाचली तर काय हाती लागते, हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्याबाहेरचे एखादे गाव घ्यावे. बार्शी हे सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरचे, धाराशिवला लागून असलेले व्यापारपेठेचे गाव. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख १८ हजार. १९८० साली गं. बा. सरदारांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले होते. संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती विचारणारा अध्यक्ष ज्या गावाने पाहिला, त्या गावाला मालिकेची फलश्रुती विचारण्याचा अधिकार नाकारता येणार नाही. पुढे मांडलेली मते कोणा एका व्यक्तीची नव्हेत. अशा गावातल्या संध्याकाळच्या बोलण्यात सहज संभवतील अशी ती नमुन्यादाखल घेतली आहेत.

पहिले मत 'ठरलं तर मग' विषयीचे. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ह्या मालिकेत आश्रमात वाढलेली सायली हीच लहानपणी हरवलेली तन्वी, हे प्रेक्षकाला ठाऊक होते. पात्रांना मात्र वर्षानुवर्षे पत्ता नव्हता. प्रेक्षक म्हणते, 'आम्हांला माहीत आहे त्याचं काही नाही, पण वकील असून ह्याला कळत नाही म्हणजे काय?' ह्या वाक्यात दोन वेगळी विधाने आहेत. शेवट ठाऊक असण्याला तिची हरकत नाही. बार्शीच्या भगवंत मंदिराशी निगडित असलेली अंबरीषाची कथा कीर्तनात ऐकणाऱ्यालाही तिचा शेवट ठाऊकच असतो; बुवा ती कशी नेतात, हे तो पाहतो. तिची हरकत आहे ती पात्राच्या व्यवसायाला न शोभणाऱ्या अज्ञानाला. कथेच्या गरजेतून आलेला विलंब आणि पात्राला मुद्दाम आंधळे ठेवून साधलेली लांबण ह्यांत ती भेद करते. संभाव्यतेचा ॲरिस्टॉटलकृत निकष ह्याहून फार दूर नाही.

दुसरे मत डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्मी निवास'चे. लक्ष्मी आणि श्रीनिवास ह्या मध्यमवर्गीय दांपत्याचे स्वतःच्या घराचे स्वप्न, हे तिचे घोषित सूत्र. पुढे जान्हवी आणि तिचा संशयग्रस्त नवरा जयंत ह्यांच्या संसाराने मोठी जागा व्यापली. 'घराचं काय झालं?' असे प्रेक्षक विचारते तेव्हा ती शीर्षकाने दिलेल्या वचनाची आठवण करून देत असते. केंद्रवर्ती सूत्र आणि उपकथानक ह्यांच्या प्रमाणाविषयीची ही तक्रार एखाद्या कादंबरीच्या परीक्षणात आली असती, तर तिला आपण 'आकृतिबंधाचा शैथिल्यदोष' असे भारदस्त नाव दिले असते.

तिसरे मत बोलीचे. 'तुझ्यात जीव रंगला' (२०१६) कोल्हापूरकडची, 'लागिरं झालं जी' (२०१७) साताऱ्याकडची. 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) सिंधुदुर्गातली. ह्यांमुळे प्रमाण मराठीची मक्तेदारी काहीशी मोडली, हे खरे. पण बार्शीचा प्रेक्षक म्हणतो, 'गावाकडची म्हणतात, पण आमच्याकडं कुणी असं बोलत नाही.' 'करायलाय', 'जायलाय' अशी क्रियारूपे ज्या पट्ट्यात रोज कानांवर पडतात, त्या पट्ट्याला मालिकेतील 'ग्रामीण' भाषा हीदेखील परकी प्रमाणभाषाच वाटते. देशीवादाने विचारावयास हवा होता तो प्रश्न येथे विचारला गेला आहे : देशी म्हणजे नेमके कोणत्या देशाचे? ओवी-कीर्तनाच्या श्रोत्याला परंपरेत मानाचे पान देणाऱ्या ह्या विचाराने, त्याच श्रोत्याची नात दूरचित्रसंचासमोर बसली की तिच्याकडे पाठ फिरवावी, हे विपरीत आहे.

ही तीन मते एकाच बैठकीत, एकाच तोंडून येतात, हे महत्त्वाचे. रेमंड विल्यम्स ह्यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीच्या अनुभवाला 'प्रवाह' म्हटले. कार्यक्रम सुटे नसतात, ते एकमेकांत वाहत जातात. परंतु ह्या प्रवाहात प्रेक्षक वाहूनच जातो असे नाही. 'तिथं असं दाखवलं, इथं बघा कसं दाखवलं' असे म्हणत ती एका मालिकेला दुसरीची कसोटी लावते. आपल्या तौलनिक साहित्याभ्यासाने ह्याची दखल घ्यावयास हवी होती. 'आई कुठे काय करते' हे बंगाली 'श्रीमोयी'चे, 'ठरलं तर मग' हे तमिळ 'रोजा'चे, 'लक्ष्मी निवास' हे त्याच नावाच्या कन्नड मालिकेचे मराठी रूप. भारतीय भाषांमधील कथांची एवढी मोठी देवघेव चालू असताना, सोलापूर जिल्ह्यात घरी कन्नड बोलणारा आणि दोन्ही भाषांतल्या मालिका पाहू शकणारा प्रेक्षक असताना, तौलनिक अभ्यास मात्र खांडेकरांच्या तमिळ अनुवादांपाशी थांबला आहे.

४

समीक्षेने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. ती मापनयंत्राने घेतली. २०१५ पासून ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिलचे आकडे प्रसिद्ध होऊ लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांत ग्रामीण प्रेक्षकही मोजला जाऊ लागला. देशभरातील निवडक घरांत मीटर असते. घरातील प्रत्येक जण आपापले बटण दाबतो. कोणती वाहिनी किती मिनिटे पाहिली, एवढी नोंद होते. जाहिरातीचा दर ठरवण्यासाठी ही नोंद पुरेशी असेलही. परंतु शिव्या घालत पाहिलेला भाग आणि डोळे पुसत पाहिलेला भाग ह्यांत यंत्र भेद करू शकत नाही. वकिलाच्या आंधळेपणावर वैतागलेली प्रेक्षक, उद्या तरी त्याला कळते का, हे पाहण्यासाठी पुन्हा बसली की तिच्या निषेधाची मिनिटे पसंतीच्या खात्यात जमा होतात. जो दोष तिने दाखवला तोच गुण ठरतो, आणि लांबण आणखी लांबते. प्रेक्षकाला हेच आवडते, असे निर्माता म्हणतो. प्रेक्षकाची अभिरुचीच अशी, असे समीक्षक म्हणतो. दोघांनीही तिचे वाक्य ऐकलेले नसते. निर्मात्याच्या आकड्याला समीक्षकाने दिलेली ही मूक संमती आहे, आणि ती उच्च अभिरुचीच्या नावाने दिली जाते, हे अधिक शोचनीय.

५

ह्यावर एक आक्षेप येईल : मग प्रेक्षकाचे प्रत्येक मत शिरोधार्य मानावयाचे काय? मुळीच नाही. ह्या मतांत सुनेने किती सोसावे ह्याविषयीचे जुनाट दंडक असतात, जातीचे आडाखे असतात, गोऱ्या रंगाचे कौतुक असते. त्यांचा प्रतिवाद केला पाहिजे. पण प्रतिवाद युक्तिवादाचाच करता येतो, लक्षणाचा नव्हे. प्रेक्षक चुकू शकते असे मानणे, हाच तिला समीक्षक मानण्याचा पुरावा होय. तिचे सर्वच उचलून धरणारा भाबडा लोकवाद आणि तिचे काहीच न ऐकणारा अभिजनवाद हे दोघेही तिच्याशी वाद घालण्याचे टाळतात.

करावयाचे काय, ह्याचा धडा बार्शीतच आहे, जरी तो सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रातला असला. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली येथे सुरू झाली. रोगी रुग्णालयात येईल तेव्हा नोंदू, अशी वाट तिच्या कार्यकर्त्यांनी पाहिली नाही. ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, आणि जे आजवरच्या नोंदींत नव्हते ते त्यामुळे नोंदींत आले. नियतकालिकाच्या कचेरीत जे मत टपालाने येते तेवढेच अस्तित्वात आहे, असे समजणाऱ्या आपल्या वाङ्मयीन व्यवहाराने ही पद्धत अभ्यासावी. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूरच्या विद्यापीठात आणि त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांत मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. त्यांच्या घरीच हा व्यवहार रोज चालतो. भागाचा दिनांक, व्यक्त झालेले मत, त्याला दिलेले कारण, आणि पुढील भागांनी ते खरे ठरवले की खोटे, एवढ्या चार रकान्यांची वही वर्षभर ठेवणे हे एखाद्या प्रबंधिकेला शोभणारे काम आहे. बोलणाऱ्याचे वय आणि वर्ग लिहिण्यास हरकत नाही. फक्त ते पाचव्या रकान्यात असावे, पहिल्या नव्हे.

हे काम आज केले नाही तर पुढे करता येणार नाही. भाग वाहिन्यांच्या संग्रहात राहतील, आकडे जाहिरातदारांच्या दप्तरात राहतील. बोलणे राहणार नाही. हे मराठीत एकदा घडून गेले आहे. आपट्यांची यमू वाचकांना आठवड्या-आठवड्याने भेटत होती. पुढच्या अंकात तिचे काय होणार, ह्याविषयी घराघरांतून काही बोलले गेले असेलच. आपल्या वाङ्मयेतिहासाने बांधीव ग्रंथ जपला; त्या वाट पाहणाऱ्या वाचकाला मात्र त्याने पानभरही जागा दिली नाही.