कार्डाचं झाकण खाली का?

यंदा गॅदरिंगला ट्रायपॉडमागे मीच होतो. फायनल इयरवाल्यांची ही शेवटची एकांकिका. रंगात आली आणि नेमकं कार्ड भरलं. झाकण कॅमेऱ्याच्या बुडाला, बॅटरीजवळ. त्यावर ट्रायपॉडची प्लेट. तिचा स्क्रू फिरवायला नाणं हवं. (यूपीआयच्या जमान्यात हॉस्टेलवाल्याच्या खिशात नाणं कुठलं!) कार्ड बदलेपर्यंत शेवटचा प्रसंग संपला.

बुडाला एकच झाकण म्हणजे एक खटका, एक सील, कमी खर्च. मान्य. कॅननने २०१८ च्या ईओएस आरमध्ये कार्ड बाजूला दिलं आणि २०१९ च्या स्वस्त आरपीत खाली नेलं, हे समजू शकतं. पण निकॉनचा २०२३ चा झेडएफ काही स्वस्तातला नाही, तरी त्याची दोन्ही कार्डं बॅटरीच्या कप्प्यातच!

लायकाची तर आणखी मजा. एम मालिकेत फिल्म खालून भरायची, म्हणून तळाची अख्खी पट्टी निघायची. २००६ च्या एम८ मध्ये फिल्म गेली, पट्टी राहिली! बॅटरी बदलायची तर आधी ती काढा, मग ती धरायला तिसरा हात शोधा. २०२२ च्या एम११ मध्ये ती एकदाची गेली. कार्ड मात्र बॅटरी काढल्यावरच हाती लागतं.

बॅटरी खाली चालेल, हल्ली बऱ्याच बॉडी यूएसबी-सीवरही चालतात. कार्ड मात्र बाजूलाच हवं. डिझाइन करताना कोणी ट्रायपॉड लावून बघतच नाही का? इकडे आमचा दिग्दर्शक अजून माझ्याशी बोलत नाही.