इथेनॉलचा थंडावा आणि घोड्यांची बेरीज

इंधन आणि इंजिन / सारथी

डेव्हन ॲव्हेन्यूवर शनिवारी दुपारी गाडी लावायला जागा मिळणं हे नशीबच. वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या पुढे साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं एकाला एक लागून आहेत. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर उघडलं, आणि शिकागोतल्या कितीतरी मराठी घरांचे पोहे, साबुदाणा, ज्वारीचं पीठ आजही इथूनच जातं. जानेवारीत मी आणि माझा भाचा असाच बाजार करून गाडीपाशी आलो. पिशव्या मागच्या सीटवर टाकल्या. त्यानं बटण दाबलं, स्टार्टर फिरला, इंजिन लागलं नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली. चौथ्या खेपेला खोकत खोकत सुरू झालं.

"टाकीत काय आहे?" मी विचारलं.

"ई-८५. मामा, यानं शंभर हॉर्सपॉवर वाढते. सगळे टाकतात."

गाडी दोन लिटरची, टर्बोवाली, हौसेनं घेतलेली. या हौसेला मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या मळीचा वास घेत वाढलो आणि स्पिरिटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या वाफेच्या इंजिनामुळे इंजिनिअर झालो. पण त्याच्या त्या वाक्यात एक चूक होती, आणि ती त्याच्या एकट्याची नाही.

ई-८५ म्हणजे इथेनॉल जास्त, पेट्रोल कमी असं मिश्रण, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते. एक किलो पेट्रोल जाळलं की सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक किलो इथेनॉलमधून जेमतेम २७. मात्र पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इंजिनाला मर्यादा घालते ती हवा. इंधन हवं तेवढं फवारता येतं, हवा सिलिंडरात मावेल तेवढीच. म्हणून हिशेब हवेच्या किलोमागे करावा. तसा केला तर दोन्हीकडे आकडा जवळजवळ एकच येतो, ३ मेगाज्यूलच्या आसपास. नुसतं इंधन बदललं आणि बाकी काहीच बदललं नाही, तर शंभर काय, दहा घोडेही मिळतील याची खात्री नाही.

मग रेसवाले त्याच्यामागे का लागतात? सुई टोचण्याआधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा जो गारवा लागतो, तो आठवा. इथेनॉलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, किलोमागे पेट्रोलच्या सुमारे अडीच पट. शिवाय तेवढ्याच हवेसाठी ते दीडपटीहून जास्त फवारावं लागतं. दोन्ही मिळून सिलिंडरातली हवा पेट्रोलच्या जवळपास चौपट गार होते. गार हवा दाट असते, जास्त मावते. आणि मुख्य म्हणजे ठिणगीची ज्योत पोचण्याआधी मिश्रण स्वतःहून पेटत नाही. नॉकिंग ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज म्हणजे पिस्टनवर हातोडीचे घाव. नॉकिंगच्या भीतीपोटीच कंपनी टर्बोचा दाब आवरून धरते आणि ठिणगी उशिरा टाकते. इथेनॉल ती भीती दूर करतं. दाब वाढवता येतो, टायमिंग पुढे घेता येतं, आणि ताकद तिथून येते. इथेनॉल फक्त परवानगी देतं. ती वापरायला इंजिन तसं बांधलेलं किंवा तसं जुळवलेलं हवं.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतल्याच एका कंपनीनं छापून ठेवला आहे. २०२३ सालच्या डॉज चॅलेंजर डेमन १७० या गाडीची ताकद दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ९०० हॉर्सपॉवर आणि ई-८५ वर १०२५. इंजिन तेच, ६.२ लिटरचं. स्वीडनच्या कोनिगसेग येस्कोचं तसंच: साध्या पेट्रोलवर १२८०, ई-८५ वर १६००. दोन्ही गाड्या टाकीत काय पडलंय हे ओळखतात आणि त्याप्रमाणे दाब-टायमिंग ठरवतात. ओळखणं हा त्यातला कळीचा शब्द, आणि भाच्याच्या गाडीत नेमकं तेच नव्हतं.

ई-८५ हे नाव फसवं आहे. अमेरिकेच्या मानकाप्रमाणे त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकतं. हिवाळ्यात मुद्दाम कमी ठेवतात, कारण शुद्ध इथेनॉलची थंडीत पुरेशी वाफच होत नाही आणि ठिणगीला पेटवायला काही मिळत नाही. जो थंडावा जुलैत वरदान, तोच जानेवारीत इंजिन लागू देत नाही. म्हणजे ट्यूनरनं ८५ टक्के धरून इंजिनाच्या कॉम्प्युटरचा मॅप लिहिला आणि पंपानं ५५ टक्के दिलं, तर वाढवलेला दाब तसाच, आणि नॉकिंगपासूनचं संरक्षण मात्र घटलेलं. पिस्टन फुटतात ते असे.

म्हणून पैसे कुठे आधी घालावेत याबद्दल माझं मत ठाम आहे. पहिला खर्च इथेनॉलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा. तो इंधनाच्या लाइनमध्ये बसतो आणि दर क्षणी टक्केवारी कॉम्प्युटरला कळवतो. त्यानंतर मोठे इंजेक्टर आणि दमदार फ्युएल पंप, कारण त्याच हवेला साधारण ३० ते ४० टक्के जास्त इंधन पोचवायचं आहे. पंप कमी पडला की मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण तापतं. नळ्या, सील इथेनॉल सोसणारे आहेत का ते पाहायचं. मग ताकद मोजणाऱ्या डायनोवर बसून मॅप. मोठा टर्बो सर्वांत शेवटी, आणि तोवर क्लच, ब्रेक, टायर यांचाही विचार झालेला असावा. तरुण मुलं हा क्रम नेमका उलटा करतात, कारण टर्बोचा फोटो काढता येतो, सेन्सरचा काढून कोण बघणार? टर्बो नसलेल्या गाडीत तर वाढ इतकी माफक असते की एवढा खटाटोप करू नये असंच मी सांगेन.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघून यावं. अमेरिकेत तसं करायला कायद्यानं मनाई आहे, आणि त्या धुराच्या रस्त्यावर आपलीच मुलं शाळेत जातात. तसंच, वाढलेली ताकद डेव्हनवर आजमावायची नाही. शिकागोत पाटी नसेल तिथे वेगमर्यादा ताशी ३० मैल आहे आणि फुटपाथवर बाबागाड्या घेऊन आयाबाया असतात. जॉलिएटला रूट ६६ रेसवे आहे. सरळ पट्टा, शेजारी ॲम्ब्युलन्स. तिथे जावं.

आता यातली जी गोष्ट मला झोपू देत नाही ती. इलिनॉयच्या मक्यापासून बनलेलं इथेनॉल एका गाडीत १२५ घोडे वाढवतं. आमच्या उसाचं इथेनॉल सांगलीतल्या गाडीचं ॲव्हरेज घटवतं. रेणू तोच आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा भारतातला प्रायोगिक प्रकल्प २००१ साली ज्या तीन ठिकाणी सुरू झाला त्यांपैकी दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. त्या वर्षी मिरजेत हा प्रयोग होतोय हे कळलं तेव्हा मला अभिमान वाटला होता, आजही वाटतो. कारखान्याला मळीचे पैसे मिळावेत, शेतकऱ्याचं उसाचं बिल वेळेत निघावं, तेलाची आयात कमी व्हावी, या सगळ्याच्या मी बाजूनं आहे. जून २०२२ मध्ये देश दहा टक्क्यांवर पोचला, २०२५ मध्ये वीसवर. ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी.

पण गाडीमालकाच्या वाट्याला काय आलं? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे की दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी. ही घट खरी आहे, ती नाकारून काही साधत नाही. त्याच वेळी या मिश्रणाचा ऑक्टेन ९५, पूर्वी साध्या पेट्रोलचा ९१ होता. म्हणजे जास्त कॉम्प्रेशनचं, जास्त दाबाचं इंजिन चालवण्याची परवानगी पंपावर रोज मिळते आहे आणि जुन्या इंजिनांना ती घेता येत नाही. ऊर्जेतला तोटा ग्राहकानं सोसायचा, ऑक्टेनचा फायदा मात्र वाया.

ब्राझीलनं हे वेगळं केलं. तिथे २००३ साली फोक्सवॅगनची गोल टोटल फ्लेक्स आली आणि तेव्हापासून गाडीच्या माहितीपत्रकात ताकदीचे दोन आकडे छापतात, एक पेट्रोलचा, एक अल्कोहोलचा. पंपावर दोन्ही इंधनं शेजारी शेजारी मिळतात, आणि अल्कोहोलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ते भरावं हा हिशेब तिथल्या टॅक्सीवाल्यालाही पाठ आहे. आपल्याकडे बहुतेक पंपांवर दर एकच, पर्याय एकच. पुण्यात इथेनॉलचे प्रकल्प बांधणारी प्राजसारखी कंपनी आहे, टीव्हीएसनं २०१९ मध्येच शंभर टक्के इथेनॉलवर चालणारी अपाची मोटारसायकल आणून दाखवली होती. ज्ञान कमी नाही. विकत घेणाऱ्याला खरे आकडे द्यायचे, दर ऊर्जेप्रमाणे ठेवायचा आणि नव्या इंजिनांचं कॉम्प्रेशन वाढवून तो ऑक्टेन कामाला लावायचा, एवढं राहिलं आहे, आणि ते मागितल्याशिवाय मिळणार नाही.

भाच्यानं सेन्सर बसवून घेतला. आता टाकी भरली की तो मला स्क्रीनचा फोटो पाठवतो: फेब्रुवारीत ५८, मार्चअखेर ७१. टर्बोचा दाब अजून कंपनीचाच आहे, नवा पंप बसेपर्यंत तसाच राहील.

सांगलीहून थोरल्या भावाचाही फोटो आला, डायरीच्या मागच्या पानाचा. २०१२ सालची छोटी मोटार, प्रत्येक टाकीची तारीख, लिटर, किलोमीटर, त्याच्या रेखीव अक्षरात. ॲव्हरेजचा रकाना गेल्या दोन वर्षांत खाली उतरत गेलेला. "यात माझं काय चुकतंय का बघ," असं त्यानं खाली लिहिलंय. त्याचं काही चुकलेलं नाही, असं मी त्याला कळवलं, आणि इंधनाच्या रबरी नळ्या पावसाळ्याआधी बदलून घ्यायला सांगितल्या.