योजना आहे, सार्वत्रिक आरोग्यसेवा नाही

महाराष्ट्रात सर्वांना मोफत उपचार मिळूनही रुग्णांची प्रकृती सुधारत नाही, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३च्या निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारक आले, विमा दीड लाखावरून ५ लाखांवर गेला, हे खरे. पण हा विमा ठरावीक आजारांत, अंगीकृत रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतो. रोजच्या औषधांचा खर्च त्यात नाही.

जुईनगरच्या औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून पाचच गोळ्या नेणारी माणसे दिसतात. गोळ्या सुटल्या की पक्षाघाताचा धोका वाढतो. दोष मोफत उपचारांचा नव्हे, ते उशिरा मिळण्याचा आहे.

‘फुकट दिले की गर्दी वाढते’ हा आक्षेपही टिकत नाही. गर्दी वाढते, कारण आजवर अंगावर काढलेले दुखणे डॉक्टरांपर्यंत पोहोचते. ती गर्दी पेलायला प्राथमिक केंद्रे हवीत. थायलंडने २००२मध्ये सार्वत्रिक आरोग्य योजना आणली, तीही प्राथमिक केंद्रांच्या पायावर.

आधी नागरी आरोग्य केंद्रांत डॉक्टर आणि औषधे पुरेशी द्या. निकाल मग मोजा.

— एक वाचक, जुईनगर, नवी मुंबई